नऊ खाचांचं लाकूड

"थोरल्याला इचारतो आन सांगतो."

बंदूक कुणाचीही असो आणि कितीही मोडलेली असो, मिस्त्रींचं पहिलं उत्तर हे ठरलेलं. गिऱ्हाईक विचारायचं, "होईल का दुरुस्त?" मिस्त्री बंदूक हातात घेत, ती मधोमध उघडून नळ्या आभाळाकडे धरत, एक डोळा मिटून आरपार बघत आणि हे वाक्य बोलत. नवखा माणूस बिचारा आतल्या दाराकडे बघत बसायचा. त्याला वाटे, आत कोणी थोरला भाऊ असेल, आता खोकत बाहेर येईल.

आत भाऊबिऊ कोणी नसे. थोरला म्हणजे ज्याने ती बंदूक पहिल्यांदा घडवली तो विलायतेतला कारागीर. तो कोण, कुठला, हे मिस्त्रींना ठाऊक नसे. मरून पन्नास वर्षं झाली असणार एवढं नक्की. पण त्याचा विचार घेतल्याशिवाय हे गृहस्थ एका स्क्रूलाही हात लावत नसत. दोन-दोन दिवस बंदूक नुसती समोर ठेवून बसत. मग एक दिवस निरोप येई, "थोरला व्हय म्हनतोय, बंदूक ठिऊन जावा."

तुम्ही म्हणाल, माणूस जरा चक्रम दिसतो. मीही तेच म्हणत होतो. मी तेव्हा साताऱ्याला कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर कारकून होतो. जिल्ह्यातली परवान्याची प्रत्येक बंदूक माझ्या रजिस्टरात होती आणि त्यातली मोडलेली प्रत्येक बंदूक आज ना उद्या मिस्त्रींच्या दुकानात जायची. दुरुस्तीला आलेल्या बंदुकांची यादी द्यायला ते दर महिन्याला माझ्याकडे येत. यादी सांगत ते आणि लिहीत मी, कारण त्यांना सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. सही मात्र अशी सावकाश करत की मागे उभ्या असलेल्या माणसाने खाली बसून घ्यावं.

मूळचे ते शिरवळकडचे लोहार. पहिल्या जर्मन लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते, तिथे रायफली दुरुस्त करायला शिकले. परत आले ते साताऱ्यात रविवार पेठेत एका बोळात दुकान टाकून बसले. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, आणि ती पेन्सिल कशासाठी हे कुणालाच कळलेलं नाही. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "कान मोकळा बरा दिसत न्हाई."

दुकानात शिरताना एक नियम पाळावा लागे. कुठलीही लांब वस्तू माणसाच्या दिशेने धरायची नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काखेत छत्री होती आणि तिचं टोक त्यांच्याकडे झालं होतं. मिस्त्री काम थांबवून म्हणाले, "भाऊसाहेब, छत्री खाली." मी हसलो. ते हसले नाहीत. मी छत्री खाली केली तेव्हाच कानस पुन्हा चालू झाली. पुढे मला इतकी सवय लागली की घरी केरसुणी कुणाकडे रोखलेली दिसली तरी मी ओरडायचो. बायको म्हणे, मिस्त्रींनी तुमच्या डोक्याचाही चाप सैल केलाय.

आणि गंमत अशी, की हा माणूस स्वतः बंदूक उडवत नसे. दुरुस्त झालेली बंदूक ते गावाबाहेर नेत, एका बाभळीच्या खोडाला करकचून बांधत, चापाला दोरी लावत आणि लांब दगडामागे बसून दोरी ओढत. बार झाला की डोळे मिटून कान देत. म्हणत, "बराबर वाजली." किंवा, "डावी जरा नाकात बोलती." मग पुन्हा दुकानात. त्यांनी आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नसावी.

एकदा एक इनामदार मोटारीतून आले. त्यांची बंदूक साधी होती, देशीच म्हणा ना. तिच्यावर विलायतेच्या एका बड्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत कोरून हवं होतं. लग्नात मिरवायची होती. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि बंदूक परत त्यांच्या हातात दिली.

"का हो? येत नाही तुम्हाला?"

"येतंय की. पन त्याचं ते त्याचं, माझं ते माझं. दुसऱ्याचं नाव मी न्हाई घालत."

इनामदार तणतणत गेले. आतून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला, "घालवलंसा आलेलं गिऱ्हाईक." मिस्त्रींनी पुढची बंदूक हातात घेतली. हे वाक्य तिथे दर आठवड्याला येत असावं.

"त्याचं ते त्याचं, माझं ते माझं" हा त्यांचा धर्मच होता. जुन्या बंदुकीचा हरवलेला एखादा भाग ते नवा करत, तो इतका बेमालूम की मूळ कुठला आणि नवा कुठला हे माझ्यासारख्याला जन्मात कळलं नसतं. पण मिस्त्री त्या नव्या भागावर पोगराने, म्हणजे खिळ्यासारख्या टोकदार हत्याराने, बारीकसा ठिपका ठोकत. पुढे कधी ही बंदूक दुसऱ्या कारागिराच्या हातात गेली तर त्याने यांचं काम थोरल्याच्या नावावर लावू नये, म्हणून. चांगलं झालं असलं तरी नाही, वाईट झालं असलं तरी नाही. त्यांच्यासारखा खोटं न चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पुढची हकिकत सांगायची ती त्यामुळेच.

बेचाळीसच्या गडबडीत जिल्ह्यातल्या परवान्याच्या बंदुका सरकारने जमा करून घेतल्या होत्या. कोणी लुटून नेऊ नयेत हा हेतू. आणि लुटल्याच तर चालू नयेत म्हणून वरून हुकूम आला, की प्रत्येक दुनळीच्या नळीखालचं लाकूड काढून वेगळ्या पोत्यात ठेवावं. बार करताना डावा हात जिथे धरतो ते हे वीतभर लाकूड. ते काढलं की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात आणि बंदुकीच्या दोन काठ्या उरतात. तीन तालुक्यांच्या बंदुका एका कोठीत आल्या. कुठलं लाकूड कुठल्या बंदुकीचं हे कळावं म्हणून प्रत्येक लाकडावर चिठ्ठी डकवायचं काम एका कारकुनाकडे आलं. तो कारकून मी.

माझं अक्षर तेव्हा कचेरीत नावाजलेलं. मी घरून गव्हाची खळ शिजवून नेली आणि मोत्यासारख्या अक्षरात नावं लिहून चिठ्ठ्या डकवल्या. साहेब म्हणाले, "छान." लढाई संपली, बंदुका परत द्यायचा हुकूम आला, पोती उघडली. झुरळांनी आणि कसरीने चार वर्षं ती खळ चवीने खाल्ली होती, आणि खळीबरोबर माझं अक्षरही. लाकडांवर नुसते पांढरे डाग उरले होते. मग हवालदाराने अंदाजाने जे बसेल ते बसवलं, बसत नव्हतं तिथे चिंधी कोंबली आणि बंदुका वाटून टाकल्या. मी शेजारी उभा राहून सह्या घेत होतो. तोंडातून शब्द काढला नाही, कारण चिठ्ठ्या कुणाच्या हे कोणी विचारू नये एवढीच माझी इच्छा होती.

अशी परत आलेली एक दुनळी घेऊन एक म्हातारे सुभेदार मिस्त्रींच्या दुकानात आले. पाटणच्या पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात त्यांचं गाव. त्या महिन्याची यादी घ्यायला मीच तिथे गेलो होतो. सुभेदार उंच, ताठ, मिशा पांढऱ्याफेक. बंदूक जुनी विलायती, बाहेरून घोडे असलेली. डावा घोडा गायब होता, कोठीतच कुठेतरी पडला असणार. नळीखालचं लाकूड होतं, पण ते डुगडुगत होतं आणि आतून खाकी चिंधी बाहेर आली होती.

"ह्ये माझं न्हाई," सुभेदार म्हणाले. "माझ्या लाकडावर सात खाचा व्हत्या."

त्या खाचा त्यांच्या मुलाने पाडलेल्या. एकुलता एक मुलगा. रानडुकरं भाताच्या खाचरात उतरत तेव्हा तो राखणीला बसायचा, आणि डुक्कर पडलं की चाकूने लाकडावर एक खाच करायचा. सात डुकरं झाली आणि तो पलटणीत भरती झाला. ब्रह्मदेशातून माघार झाली तेव्हा त्याचा पत्ता लागला नाही. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढंच होतं. त्याचा फोटो काढलेला नव्हता, चिठ्ठीपत्री तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. त्याच्या हातची म्हणून घरात एवढीच एक वस्तू होती आणि तीही सरकारने हरवली होती. सरकारने म्हणजे कुणी, हे मी खाली मान घालून ऐकत होतो.

"मिस्त्री, घोडा करा. लाकूड बी नवं करा. आन त्येच्यावर सात खाचा पाडून द्या. पोरगा आला की पयलं त्येच बघंल."

मिस्त्रींनी थोरल्याचं नाव काढलं नाही. लगेच म्हणाले, "घोडा करतो. लाकूड करतो. खाचा मी पाडनार न्हाई."

"का?"

"डुकरं मी मारली न्हाईत."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. "आवं, खाचंला काय लागतंय? चाकू लागतो."

"चाकू लागतो. आन ज्यानं मारलं त्यो लागतो."

सुभेदार उठले. आतून आलेला चहा तसाच ठेवून बाहेर पडले. जाताना बंदूक मात्र नेली नाही. मला मिस्त्रींचा भयंकर राग आला. म्हणालो, "मिस्त्री, म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं. तुमचं काय जात होतं?"

"समाधान?" मिस्त्री म्हणाले. "रोज हात फिरवंल त्येच्यावरनं. आन रोज त्येला ठावं असंल की ह्या मिस्त्रीच्या हायत." आणि ते कानस चालवायला लागले. मला तेव्हा ते पटलं नाही.

पुढचे आठ दिवस ते घोडा करत होते. उजवा घोडा समोर ठेवायचा आणि त्याची आरशात दिसावी तशी जोड लोखंडातून काढायची. कानशीने घासून घासून आकार आला. मग चांभाराकडून कातड्याचे तुकडे, कुठून तरी शिंगं-खुरं आणून ती जाळली, तो कोळसा एका लोखंडी डबीत घोड्याभोवती ठासून भरला आणि डबी दिवसभर भट्टीत तापवली. म्हणजे लोखंडाचा वरचा थर टणक होतो आणि आतलं मऊ राहतं. सगळ्या बोळात असा वास सुटला की शेजारणीने पोरांना घरात घेतलं. उजव्या घोड्यावर पानांची नक्षी होती. डावा त्यांनी कोरा ठेवला. "पान त्याचं," म्हणाले आणि ठिपका ठोकला.

नवव्या दिवशी भर कचेरीत, दुपारी, मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. धोतराच्या सोग्यातून ते डुगडुगणारं लाकूड काढून त्यांनी माझ्या रजिस्टरावर ठेवलं आणि उलटं केलं. आतल्या लोखंडी पट्टीवर बारीक आकडे ठोकलेले होते.

"भाऊसाहेब, ह्यो नंबर कुनाच्या बंदुकीचा?"

मी आकड्यांकडे बघत राहिलो. बंदुकीचा नंबर नळीवर असतो, हे मला ठाऊक होतं. रजिस्टरात तोच तर मी लिहीत होतो. तोच नंबर या लाकडाच्या पोटातही असतो हे मला दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

"प्रत्येक लाकडात असतो?" मी विचारलं.

"प्रत्येक. थोरल्यानं लिवून ठेवलंय. तुमी वरनं आनखी चिठ्ठी कशापायी डकवली?"

म्हणजे चिठ्ठ्या कुणाच्या हे त्यांना ठाऊक होतं. मी इकडेतिकडे बघितलं. मिस्त्रींनी आवाज खाली आणला.

"खळीत मोरचूद घातला व्हता का?"

"नाही."

"हं," मिस्त्री म्हणाले. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, हे पुस्तकं बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्या 'हं'मध्ये जेवढं होतं तेवढं साहेबांनी मेमो देऊनही मला लागलं नसतं. पण त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही.

नंबर शिराळ्याकडच्या एका गावातल्या माणसाच्या बंदुकीचा निघाला. याचं लाकूड सुभेदारांकडे आलं, तर सुभेदारांचं याच्याकडे गेलं असणार. मी हत्यार तपासणीचा कागद तयार केला, साहेबांची सही घेतली आणि आम्ही दोघं निघालो. सर्व्हिस मोटार कोळशावर चालणारी, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. कऱ्हाडच्या पुढे आम्ही तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा मिस्त्रींनी माझ्या छत्रीचं टोक खाली करायला लावलं. तिथून पुढे बैलगाडी.

तो माणूस तिशीचा, उसाचा मालक, तालमीतला गडी. आमचं स्वागत त्याने झकास केलं. गुळाचा खडा, पाणी, मग चहा. बंदूक बाहेर आणली आणि मिस्त्रींनी लाकूड काढून उलटं करायच्या आतच मला खाचा दिसल्या. मिस्त्रींनी नंबर वाचायला लाकूड माझ्याकडे दिलं. नंबर सुभेदारांच्या बंदुकीचा होता.

मग मिस्त्रींनी खाचांवरून अंगठा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. "नऊ हायत," ते म्हणाले.

"दोन माझ्या," गडी अभिमानाने म्हणाला. "ह्ये लाकूड पायगुनाचं हाय बगा. पयलं माझ्या बंदुकीनं ससा बी पडत नव्हता. ह्ये आलं, सुताराकडनं आतनं तासून बसवून घेतलं, आन उसात दोन डुकरं लोळवली. खाचा व्हत्याच, म्हनलं आपन बी पाडाव्या."

"ह्ये दुसऱ्याचं हाय," मिस्त्री म्हणाले. "तुमचं मी आनलंय."

"नगं. माझं तुमी घिऊन जावा. ह्ये मी सोडत न्हाई."

मी सरकारी कागद काढायला खिशात हात घातला. मिस्त्रींनी नजरेनेच नको म्हटलं. मग त्यांनी त्या गड्याला सुभेदारांच्या मुलाची सगळी हकिकत सांगितली. वाढवून नाही, रडवून नाही, यंत्रातला बिघाड सांगावा तशी. कुठे होता, कुठून बेपत्ता झाला, घरात फोटो नाही.

गड्याने हातातली कपबशी खाली ठेवली. सोप्यात त्याची आई धान्य निवडत होती, तिचा हातही थांबला होता. मग त्याने लाकूड उचलून मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलं. "न्या. मला ठावं नव्हतं." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "दोन माझ्या हायत एवडं सांगा त्येस्नी. उगं घोळ नगं."

मिस्त्रींनी तिथेच बसून त्याचं मूळ लाकूड त्याच्या बंदुकीला बसवून दिलं. सगळं आटोपून आम्ही परत निघालो तेव्हा ते खूश असायला हवे होते. पण मोटारीत ते लाकूड मांडीवर घेऊन त्या दोन खाचांवरून अंगठा फिरवत बसले होते.

मी म्हणालो, "त्या दोन खाचा लाख घालून बुजवता येतील. वरून रंग दिला की संपलं."

"खाडाखोड तुमच्यात चालती, भाऊसाहेब." मग म्हणाले, "बुजवायच्या न्हाईत, आन लपवायच्या बी न्हाईत. सांगून टाकनार. सात तुमच्या, दोन शिराळ्याच्या."

आतून तासलेल्या जागी त्यांनी अक्रोडाची पातळ पट्टी बसवली. अक्रोड मिळवायला कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या मोडक्या खुर्चीचा पाय विकत घेतला. बाहेरून लाकडाला जवसाचं तेल पाजलं, पण खाचांजवळ फडकंसुद्धा जोरात घासलं नाही. दिवाळीच्या आधी बंदूक तयार झाली. सुभेदारांना निरोप धाडण्याऐवजी मिस्त्री म्हणाले, आपणच जाऊ. तपासणीचा कागद माझ्याकडे होताच.

सुभेदारांचं घर डोंगराच्या पोटाला. खाली कापणीला आलेलं भात. सुभेदारांनी आम्हाला घोंगडं टाकून बसवलं. दुकानातला राग त्यांच्या तोंडावर अजून थोडा होता. मिस्त्रींनी बंदूक उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मग ती जोडून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "लाकूड तुमचंच हाय. शिराळ्याकडं घावलं."

सुभेदारांनी बंदूक घेतली. डावा हात आपोआप लाकडाखाली गेला. त्यांच्या बायको दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या पुढे आल्या, लाकडावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही. आपल्या चुकीने गेलेली वस्तू परत आली होती.

बाईंनी हात काढल्यावर सुभेदार खाचा मोजू लागले. अंगठा एकेका खाचेवर थांबत पुढे गेला. सातव्यानंतर तो आणखी पुढे गेला.

"नऊ," ते म्हणाले.

मिस्त्री घोंगड्यावर पुढे सरकले. त्यांनी घसा साफ केला. 'सात तुमच्या, दोन शिराळ्याच्या' हे वाक्य त्यांनी वाटेत मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

सुभेदार एकदम हसले. बायकोकडे वळून म्हणाले, "बगितलंस का? जाता जाता आनखी दोन मारून गेलं, आन आपल्याला बोललं न्हाई पोरगं."

बाई हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "त्येचं असंच."

मिस्त्रींचं तोंड उघडलं होतं. ते मिटलं. सुभेदार आता त्यांच्याकडेच बघत होते, आणि मिस्त्रींनी मान हलवली. होकाराची. एवढंच. मग त्यांनी डाव्या घोड्याबद्दल सांगायला सुरुवात केली, की हा नवा आहे, थोरल्याचा नाही, ह्याच्यावर पान नाही. ते फार बोलले त्या दिवशी. गरजेपेक्षा जास्त.

परतीच्या वाटेवर पाटणला थांबलो. मोटारीची वाट बघताना मिस्त्रींनी विचारलं, "भाऊसाहेब, चुकलं का?"

"छे," मी म्हणालो. "बाई हसल्या ते बघितलंत ना?"

"चुकलंच," मिस्त्री म्हणाले. "आजवर बंदुकीपायी खोटं बोललो न्हवतो." मोटार येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले.

पुढे हे त्यांनी मनातून जाऊ दिलं नाही. यादी द्यायला आले की सही करून झाल्यावर उठता उठता थांबायचे. "शिराळ्याच्या गड्यानं सांगा म्हनलं व्हतं." कधी म्हणायचे, "एकदा जाऊन यावं म्हनतो कोयनंकडं. सांगून यावं." मी म्हणायचो, कशाला आता? ते म्हणायचे, "व्हय, कशाला." आणि जायचे. स्वराज्य आलं, कचेरीवरचं निशाण बदललं, माझं टेबल तेच राहिलं, आणि मिस्त्रींचं उठता उठता थांबणंही तेच राहिलं. एकदा मात्र म्हणाले, "त्या बाई हासल्या नसत्या तर सांगितलं असतं बगा मी."

त्यानंतरच्या श्रावणात ते गेले. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. पोचवायला मी गेलो होतो. भट्टी विझलेली होती आणि कुणाची तरी बंदूक बाकावर उघडी पडलेली होती. ती नियमाप्रमाणे मीच पंचनामा करून ताब्यात घेतली.

डिसेंबरअखेर परवान्यांची मुदत वाढवायला माणसांची रांग लागते. त्या रांगेत सुभेदार होते. थकले होते, पण ताठ. नंबर आला तेव्हा कागद पुढे करून म्हणाले, "मिस्त्रीकडं जाऊन येतो म्हनलं आता. डावा घोडा झकास चालतोय, सांगावं त्येस्नी."

मी त्यांना सांगितलं. ते समोरच्या बाकावर बसले. मी रांगेतल्या बाकीच्यांना थांबायला सांगून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मग मला वाटलं, मिस्त्रींना जे सांगायचं राहिलं ते त्यांच्या वतीने आपण सांगून टाकावं. मी म्हणालो, "सुभेदार, त्या लाकडावरच्या दोन खाचा..."

"शिराळ्यावाल्याच्या असतील," सुभेदार म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"भाऊसाहेब, माझं पोरगं डावरं. त्येच्या खाचा एका अंगाला कलत्या. त्या दोन सरळ हायत. अंगठा ठेवला तवाच कळलं मला."

"मग तुम्ही तसं म्हणालात कशाला?"

"मिस्त्री कुठनं कुठनं जाऊन लाकूड घिऊन आला व्हता. आन तोंड असं केलं व्हतं, जनू त्येनंच चोरी केलीया. म्हनलं, आपनच कायतरी बोलून मोकळं करावं गड्याला." मग म्हणाले, "पोरगं येनार न्हाई हे मला कवाच कळलंय. घरातलीला बी कळलंय. पन सात हायत त्या त्येच्याच हायत. मिस्त्रीनं पाडल्या असत्या तर काय उरलं असतं माझ्याकडं?"

त्यांचा परवाना मी तिथेच बाकावर बसून पुरा करून दिला.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी रविवार पेठेतून घरी निघालो. तो माझा रस्ता नव्हे. दुकानाचं दार बंद होतं, कुलूप लावलेलं. मिस्त्रींच्या बायको गावी शिरवळकडे गेल्या होत्या. मी थोडा वेळ पायरीपाशी उभा राहिलो. ज्याला फसवलं म्हणून हा माणूस इतके दिवस झुरला, तो कधी फसलाच नव्हता, हे मला आज कळलं होतं. चार महिने आधी कळलं असतं तर मी भर दुपारी टेबल सोडून पळत आलो असतो.